लॉगमधून गाळलेली शिवी

आमची पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर होती. तिला नाव नव्हतं, फक्त नंबर होता. तेवीस माणसं, तीन बंकर, एक कुकहाउस. मी हवालदार सावंत, सिग्नलवाला. वायरलेस सेट सांभाळायचा, नेटवर कान ठेवायचा आणि जे बोललं जाईल ते वेळेसकट लॉगमध्ये उतरवायचं, हे माझं काम. नेट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे सगळे सेट. एक जण बटण दाबून बोलत असेल तर बाकीच्यांना फक्त ऐकता येतं. त्याने बटण सोडल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज निघत नाही.

दिवस ठरलेला असायचा. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्च्यावर. ०६०० ला रेडिओ चेक. मग रात्रीचा बर्फ उपसायचा, पाणी वितळवायचं, हत्यारं साफ करायची. नोव्हेंबरपासून वाट बंद झाली की खालून चिठ्ठी येत नाही, भाजी येत नाही, नवा माणूस येत नाही. एकमेकांचे तेच तेच किस्से तीनदा ऐकून झाले की माणसं चिडायला लागतात. चिडली की शिव्या देतात. आमच्या पोस्टवर शिव्यांची गोष्ट जरा वेगळी होती. त्याला कारण आमचे पोस्ट कमांडर.

कॅप्टन निखिल वाघमारे. वय सत्तावीस, राहणारे मुलुंडचे. मी घाटकोपरचा. मध्ये चार स्टेशनं. एवढ्या लांब येऊन आपल्या लाइनीवरचा साहेब मिळाला म्हणून मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. त्यांची आई भांडुपला महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. वडील लहानपणीच गेलेले. साहेब सांगायचे, "आमच्याकडे जेवताना टीव्ही नसायचा, व्याकरण असायचं."

ऑक्टोबरात बटालियनचे एक मेजर साहेब पाहणीला आले. शिपाई सोपान गुरवने पेटत्या स्टोव्हशेजारी रॉकेलचा जेरीकॅन ठेवला होता. मेजर साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर "ब्लडी फूल" म्हटलं. चूक गुरवचीच होती.  मेजर साहेब उतरून गेल्यावर संध्याकाळी चहाच्या वेळी तो कॅप्टन साहेबांपुढे सावधान उभा राहिला.

"सर, एक शंका आहे."

"बोल."

"मेजर साहेब मला ब्लडी फूल म्हणाले. फूल कळलं. त्यात रक्त कुठून आलं?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला.

"सावंत, मुंबईत आपण 'जाम गरम होतंय' म्हणतो. त्यात पावाला लावायचा जाम असतो का?"

"नाही सर."

"'जाम' काय काम करतो?"

"गरम किती ते सांगतो."

"ब्लडी तेच करतो. ब्लडी हॉट, ब्लडी कोल्ड, ब्लडी फूल. अर्थ गेला, जोर राहिला. गुरव, तू रक्ताळलेला नाहीस. तू फक्त जाम मूर्ख आहेस."

मग तो शब्द आला कुठून, हे त्यांनी सांगितलं. काही जण म्हणतात, 'बाय अवर लेडी' ही मेरी मातेची शपथ झिजून ब्लडी झाली. अभ्यास करणाऱ्यांना ते पटत नाही. काही म्हणतात, पूर्वी इंग्लंडात दारू पिऊन दंगा करणाऱ्या श्रीमंतांच्या पोरांना 'ब्लड्स' म्हणायचे, त्यावरून आला. "खात्रीने कुणालाच माहीत नाही," साहेब म्हणाले. "माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणायचं. रेडिओवरही आणि शिकवतानाही."

त्या दिवसापासून चहाच्या वेळेला वर्ग सुरू झाला. कुणी जाहीर केला नाही. माणसं आपोआप जमायची.

ब्लडी शब्दाच्या पोटातही शिरतो, हे आम्हाला त्यांनीच दाखवलं. अॅब्सो-ब्लडी-ल्यूटली. पण कुठेही शिरत नाही. शब्दात ज्या ठिकाणी आवाज चढतो, बरोबर त्याच्या आधी शिरतो. गुरव दोन दिवस स्नो बूट घासता घासता पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "फँ-ब्लडी-टॅस्टिक." साहेबांनी त्याला स्वतःच्या वाटणीचं चॉकलेट दिलं. नाईक दत्ता जगतापने "सॅटर-ब्लडी-डे" केलं. साहेब म्हणाले, "चुकलं. चढ पहिल्याच पायरीवर आहे." जगताप कराडकडचा. अंगाने दणकट, बोलायला कमी. तो म्हणाला, "मग कराडमध्ये कुठं घालू सर?" सुभेदार मोरे साहेब आमच्यातले सगळ्यात वयस्क. ते म्हणाले, "कराडमध्ये काही घालू नको, तिथं माझं सासर आहे."

बास्टर्ड हा शब्द खोगिरावरून आला असं म्हणतात, हे मला तिथे कळलं. जुन्या फ्रेंचमध्ये 'बास्त' म्हणजे ओझ्याच्या जनावराचं खोगीर. खेचरवाले मुक्कामाला तेच अंथरायचे. त्यांच्यामागे गावात जे मूल राहायचं ते खोगिराचं मूल. आमची रसदही खालच्या पोस्टपर्यंत खेचरांवर यायची, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण तो शब्द साहेबांनी पोस्टवर बंद केला. आईवरून, बहिणीवरून कुठल्याही भाषेतली शिवी बंद. ते म्हणाले, "इंग्रजांच्या जुन्या शिव्या बघा. देव, नरक, शपथा. त्यांना देवाची भीती होती. आपल्या शिव्या बघा. सगळ्या आईबहिणीवर. आपल्याला कशाची भीती आहे ते कळतं."

मी विचारलं, "सर, आमच्या मालवणीत 'आवशीचो घोव' म्हणतात. ती पण बंद?"

"अर्थ काय?"

"आईचा नवरा."

साहेब विचारात पडले. "म्हणजे बाप. यात शिवी कुठे आहे?"

"ती आवाजात आहे सर."

"चालू ठेवा," ते म्हणाले.

सगळ्यात जास्त चर्चा 'डॅम यू'वर झाली. साहेबांनी कार्टनच्या पुठ्ठ्यावर दोन वाक्यं लिहिली. एक, 'वॉश युवरसेल्फ'. दुसरं, 'डॅम यू'. म्हणाले, "पहिलं वाक्य हुकूम आहे. धुणारा तूच, धुतला जाणारा तूच, म्हणून युवरसेल्फ. दुसरंही हुकूम असतं तर 'डॅम युवरसेल्फ' व्हायला हवं होतं. नाही झालं. मग या वाक्याचा कर्ता कोण?"

 जगताप मागून म्हणाला, "देव."

"बरोबर. गॉड डॅम यू. देव तुझं वाटोळं करो. 'देव तुझं भलं करो' यातला जो 'करो' आहे, तोच हा. पुढे देव गळून गेला, वाक्य राहिलं. तुम्ही ऐकता ती चार अक्षरी शिवीही याच साच्यात बसवलेली आहे. हुकूम दिसतो, पण हुकूम नाही."

मोरे साहेब म्हणाले, "पण सर, तुम्ही तर देव मानत नाही."

"म्हणून माझ्या तोंडी हे वाक्य कर्त्याशिवायच," साहेब म्हणाले.

ते स्वतः कुणाला शिवी देत नसत. चार महिन्यांत मी ऐकली नाही. नेटवर तर नाहीच. नेटवर शिवी देणं शिस्तीत बसत नाही. मी ऐकली ती एकदाच.

फेब्रुवारीतला मंगळवार. तीन दिवस बर्फ पडून थांबला होता. ऊन पडलं होतं. ०६५० ला लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, निघालं. शेजारच्या पोस्टच्या माणसांना अर्ध्या वाटेत भेटून परत यायचं, हे त्याचं काम. पाच जण होते. कॅप्टन साहेब, जगताप, गुरव आणि मागे दोन जवान. बंकरच्या फटीतून मला समोरचा उतार दिसायचा. त्या उताराच्या पायथ्याशी एक मोठा काळा खडक होता. त्याच्यामागे जागा सुरक्षित.

०९१२ ला आवाज झाला. तोफेसारखा नाही. कुणी मोठी चादर झटकावी तसा. सेन्ट्री ओरडला. मी सेट उचलला. पेट्रोलचं नेटवरचं नाव, म्हणजे कॉल साइन, नोव्हेंबर वन.

"नोव्हेंबर वन, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. ०९१४ ला साहेबांचा आवाज आला. धाप लागलेली होती, पण शब्द स्वच्छ.

"अॅव्हलाँच. गुरव आणि जगताप बर्फाखाली आहेत. आम्ही तिघे वर आहोत. खणतोय. रेस्क्यू पार्टी पाठवा. ओव्हर."

०९२५ ला मोरे साहेब सहा जवान घेऊन निघाले. त्यांच्याकडे एक सेट होता. बटालियन हेडक्वार्टरला मी कळवलं. हेलिकॉप्टर दुपारपर्यंत शक्य नव्हतं.

०९३६ ला गुरव निघाला. जिवंत होता, पाय मोडला होता. त्याला उचलायला दोन माणसं लागणार होती. साहेबांनी दोघा जवानांना त्याला घेऊन काळ्या खडकाकडे पाठवलं. म्हणजे जगतापला शोधायला ते एकटे राहिले. हातात एक फावडं आणि बर्फात खुपसून बघायची एक लांब सळई.

०९४८ ला हेडक्वार्टरने सांगितलं, बाजूला व्हा, रेस्क्यू पार्टीची वाट बघा.

"जगताप खाली आहे. आऊट," साहेब म्हणाले. आऊट म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको.

०९५९ ला सेन्ट्रीने मला हाक मारली. मी फटीतून दुर्बीण लावली. उताराच्या वरच्या अंगाला, साहेबांच्या बरोबर डोक्यावर, बर्फात एक निळी रेघ पडली होती. तडा. ती रेघ लांब होत होती.

इथे मी जे केलं ते सरळ सांगतो. मी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. "साहेब, वर तडा गेलाय. बाहेर या. साहेब, बाहेर या. डावीकडे या साहेब, ऐका माझं, बाहेर या." कॉल साइन नाही, ओव्हर नाही. एका सिग्नलवाल्याने जे कधीही करायचं नसतं ते मी वीस-पंचवीस सेकंद केलं. मी बोलत होतो तोवर दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं.

शेवटी श्वास घ्यायला बोट उचललं. त्याच क्षणी साहेबांचा आवाज आला.

"डॅम यू, सावंत, गेट ऑफ द ब्लडी नेट! मोरे साहेब, काळ्या खडकाच्या पुढे येऊ नका. स्टॉप. स्टॉप. तिथेच थांबा."

तडा त्यांनी माझ्याआधीच पाहिला होता. ते मोरे साहेबांना थांबवायला बघत होते आणि मी नेट अडवून बसलो होतो.

मोरे साहेब थांबले. गुरवला घेऊन दोघे जवान तेवढ्यात खडकामागे पोचले होते. १००२ ला सगळा उतार खाली आला. खडकापासून चाळीस पावलांवर तो थांबला. खडकामागचे दहाच्या दहा जण वाचले.

१००३ पासून मी दर मिनिटाला नोव्हेंबर वनला हाक मारत होतो. १०३० ला मोरे साहेबांनी त्यांच्या सेटवरून सांगितलं, "सावंत, पुरे."

कॅप्टन साहेब त्याच दुपारी १५४० ला सापडले. जगताप तिसऱ्या दिवशी सापडला. दोघांमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं.

संध्याकाळी मी लॉगची स्वच्छ प्रत केली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ती जाणार होती. १००१ च्या नोंदीत मी लिहिलं: 'नोव्हेंबर वन: रेस्क्यू पार्टीने काळ्या खडकापाशी थांबावे.' माझं पंचवीस सेकंदांचं बोलणं लिहिलं नाही. त्यांची शिवीही लिहिली नाही. मोरे साहेबांनी प्रत वाचली. त्यांनी सगळं स्वतः ऐकलं होतं. 

"लॉगमध्ये शिव्या लिहायच्या नसतात," ते म्हणाले आणि सही केली.

ते माझ्यासाठी म्हणाले, हे मला कळलं. लॉगमध्ये जे बोललं ते लिहायचं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

साहेबांच्या आईला मी पहिल्यांदा भेटलो ते त्याच वर्षी, रजेवर आल्यावर. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "शेवटचं काय बोलला?" मी लॉगमधलं वाक्य सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला.

आता मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. राहतो घाटकोपरला आणि अंधेरीला एका ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेटवर उभं राहिलं की येणारी जाणारी पोरं-पोरी फोनवर दर दोन वाक्यांनी एक इंग्रजी शिवी देतात. व्हॉट द हेल, डॅम इट, आणि ती चार अक्षरी. त्यांना काही वाटत नाही, आणि त्यात वाटण्यासारखं काही नाहीही. पण एका दुपारी एक मुलगी कॅब ड्रायव्हरवर चिडून फोनमध्ये ओरडली, "डॅम यू!" मी रजिस्टरवर सही घेत होतो. हातातलं पेन खाली पडलं. सोबतच्या गार्डने विचारलं, "काय झालं सुपरवायझर?" मी म्हटलं, काही नाही. पुढच्या रविवारी मुलुंडला गेलो.

वाघमारे बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं कमी झालंय. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली साहेबांचा, युनिफॉर्ममधला. मी "जय भीम" म्हटलं. त्यांनी मला समोर बसवलं. मी चहा येण्याआधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर राहिलं असतं.

सगळं सांगितलं. तडा, बटण, पंचवीस सेकंद. मग म्हटलं, "बाई, मी तुम्हाला जे वाक्य सांगितलं होतं ते अर्धं होतं. आधी ते मला बोलले."

"काय?"

मला ते त्यांच्यासमोर उच्चारवेना.

"सावंत, मी पस्तीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना शिकवलंय. बोला."

"डॅम यू, सावंत, गेट ऑफ द ब्लडी नेट."

 बाईंचा एक हात तोंडाकडे गेला. मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होत्या.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं मला ते तुमचं वाक्य पटलं नाही. रेस्क्यू पार्टीने काळ्या खडकापाशी थांबावे. असं कोण बोलतं? माझा मुलगा असा बोलत नव्हता. मला वाटायचं, तो घाबरला होता, रडला होता, म्हणून तुम्ही लोकांनी लपवलं. रोज वाटायचं."

"नाही बाई. घाबरले नव्हते. चिडले होते."

"हो. हा तोच." त्यांनी पदराने डोळे पुसले. "दहावीत असताना मला एकदा डॅम यू म्हणाला. जेवताना. मी त्याला ताटावरून उठू दिलं नाही. म्हटलं, आधी या वाक्यातला कर्ता शोध. भात गार झाला तरी बसला होता."

मी म्हटलं, "बाई, मी नेट अडवलं नसतं तर मोरे साहेबांना सांगून ते बाजूला झाले असते. कदाचित."

 त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "आणि कदाचित खणतच बसला असता. हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तसंच राहू द्या."

मग चहा झाला. शेजारची बाई डबा ठेवून गेली. मी निघायला उठलो तर त्यांनी बसायची खूण केली.

"ज्याला शोधत होता तो. दत्ता जगताप." त्यांनी नाव सावकाश घेतलं. "हे नाव मी कधी तोंडातून काढलं नाही. त्याच्यासाठी माझा मुलगा थांबला, एवढंच डोक्यात होतं. तो शेवटचं काय बोलला?"

"माहीत नाही बाई. तो पहिल्यापासून बर्फाखाली होता. त्याच्याकडे सेट नव्हता. कुणीच ऐकलं नाही."

"त्याच्या घरी कोण आहे?"

"बायको. एक मुलगी, आता बारावीत असेल. कराडजवळ गाव आहे."

"नंबर आहे?"

माझ्याकडे होता. दर वर्षी त्या तारखेला मी फोन करतो. सुनीता वहिनी दोन मिनिटं बोलतात, बरं आहे म्हणतात, ठेवतात. मी नंबर लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला. दुपारचे साडेबारा वाजले होते. रिंग बराच वेळ वाजली. मग पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला.

"हां, बोला सावंत भाऊजी."

"सावंत नाही," बाई म्हणाल्या. "मी मुलुंडहून बोलतेय. निखिल वाघमारेची आई."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. कुणीतरी खुर्ची ओढली.

"बोला आई," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाठ सरळ केली.

"मला दत्ताबद्दल सांग," त्या म्हणाल्या. "घाई नाही. लहानपणापासून सांग."